डोमिनी फाटकापाशी थांबतो

हॅनोव्हर पार्क, केप टाउन
मंगळवार

प्रिय रुवेदा,

डोमिनी जिवंत आहे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझी आई गेल्याच्या शंभराव्या दिवसाच्या दुआला तू आलीस, मागच्या अंगणात त्याला पाहिलंस आणि चहासुद्धा न घेता पोर्ट एलिझाबेथची बस पकडलीस. त्यानंतर आपलं बोलणं नाही. मी तेव्हा कोणाशीच बोलत नव्हतो. सकाळी पलंगावरून उठून खुर्चीत बसायचो आणि अंधार पडला की खुर्चीतून पलंगावर जायचो. मागे घोडा उभा आहे हे मला माहीत होतं, छपरावर टाकी आहे हे माहीत असतं तसं. आठवलं तर पाणी द्यायचो. शेजारची सलामा बेकरीतला शिळा पाव त्याच्यापुढे टाकायची. त्याचे खूर वाढून जुन्या चपलेसारखे पुढे वळले होते, फासळ्या दिसत होत्या. दिसत होतं सगळं, वाटत काही नव्हतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी प्राणी वाचवणाऱ्या संस्थेची गाडी आली. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. डोमिनी चढेना. बावीस वर्षांत मी त्याला कधी दुसऱ्याच्या गाडीत चढवलं नव्हतं, त्यामुळे मलाही ते नवीनच होतं. मग त्यांच्यातल्या एकाने पुढे होऊन त्याला उजव्या कानामागे खाजवलं आणि तो गरिबासारखा चढला. मी दार लावलं आणि खुर्चीत येऊन बसलो.

आठवडाभराने मी चालत फिलिपीजवळच्या त्यांच्या तबेल्यावर गेलो. का, ते विचारू नकोस. नुसता कुंपणाशी उभा राहून परत यायचो. पाचव्या दिवशी तबेला चालवणारी चार्मेन बाहेर आली. हिचा आवाज असा की घोडेसुद्धा रांगेत उभे राहतील. मोठ्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "बोएता गनिफ, कुंपणाला टेकू द्यायला येताय का रोज? एक तर घरी जा, नाहीतर फावडं उचला." मी फावडं उचललं. ती पुढे म्हणाली, "एक लक्षात ठेवा, हा घोडा तुम्हाला परत मिळायचा नाही. चांगलं घर मिळालं की जाईल." मी म्हटलं, "मी मागितलाय का?" "मागू नये म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

पहिले पंधरा दिवस मूठमूठ चारा, दर दोन तासांनी. उपाशी जनावराला एकदम पोटभर घातलं तर ते मरतं, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. माहीत असून मी काय केलं ते तू पाहिलंस. डॉक्टरने त्याचे दात कानशीने घासले, कारण धार येऊन आतून गाल कापले गेले होते आणि चावलेला घास तो तसाच खाली टाकत होता. नालबंदाने तीन खेपांत खूर सरळ केले. खरारा मी करायचो. खांद्यावर जिथे भंगारगाडीचा पट्टा घासायचा तिथे आता पांढरे केस आलेत. तुझ्या आईने त्याच्या गळ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून आणि सावकाश चालीवरून पाद्रीबाबा म्हणून डोमिनी नाव ठेवलं होतं, आठवतं? इमामसाहेबसुद्धा हसले होते. आता तर तो आणखीच पाद्री दिसतो. चार महिन्यांत त्याने अंग धरलं. मीही धरलं, कारण चार्मेन दुपारी माझ्यापुढे ताट आपटायची आणि म्हणायची, "दोघांच्या फासळ्या बघायचा मला कंटाळा आलाय."

मग मॅम्सबरीकडच्या हेस्टरबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, डोक्यावर मोठी टोपी. त्यांना म्हातारा, शांत घोडा हवा होता, ओझं ओढायला नाही, नुसता सोबतीला. पण त्यांच्या तबेल्यापासून कुरणापर्यंत तीन फाटकं. रोज दोनदा त्यातून जायचं, आणि बाई एकट्या. आपला डोमिनी फाटक दिसलं की खांबासारखा उभा. ओढा, ढकला, काही नाही. गाजर दिलं तर गाजर खायचा आणि उभाच राहायचा. चार्मेनला वाटलं, पाय दुखतोय. डॉक्टर दोनदा येऊन गेला, खुरांचे फोटो काढले, नाल बदलले. "कुठे दुखतंय रे बाबा, सांग तरी," म्हणत ती त्याच्या पायाशी बसायची. असे तीन आठवडे गेले.

रुवेदा, त्याचं काहीही दुखत नव्हतं. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बावीस वर्षं तो प्रत्येक फाटकापाशी थांबला, आईने गाडीवरून "जुनं लोखंऽऽड, जुनी बॅटरीऽऽ" अशी हाळी दिली, आणि कोणी बाहेर आलं नाही की तो आपणहून पुढे निघाला. लगाम माझ्या हातात असायचा तो नावालाच. मी कधी हाळी दिली नाही. ती देऊ द्यायची नाही. "तू गप बस गनिफ, तुझा आवाज ऐकून लोक दारं लावून घेतील." तो फाटकापाशी तिची वाट बघत होता. आणि मी गप्प राहिलो, कारण तो तिथून हलला नाही तर कुठे जाणार नव्हता आणि मला रोज दिसला असता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी हेस्टरबाई शेवटचं बघायला आल्या. पहिलंच फाटक, आणि हा उभा. पाव तास झाला. बाईंनी पिशवी उचलली. "राहू द्या, जबरदस्ती नको," म्हणाल्या. "माझ्या घोडीची जोडीदारीण गेली ना, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून उभी असते. खायला दिलं तर खाते, नाही दिलं तर मागत नाही. म्हटलं होतं, कोणीतरी शेजारी उभं राहिलं तर बघू." एवढं बोलून त्या निघाल्या.

मी तोंड उघडलं. पहिली हाळी माझ्याच चालीत निघाली. डोमिनीने कान मागे वळवले. दुसरी मी आईच्या चालीवर दिली, शेवटचा ‘बॅटरी’ शब्द वरच्या सुरात चढवून, जशी ती द्यायची. तो चालू लागला. तिन्ही फाटकं तसाच गेला. चार्मेन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तीन आठवडे, बोएता? तीन आठवडे मी त्याच्या खुरात डोकं घालून बसले होते!" मी फाटकाची कडी लावली. ती नाक पुसत आत गेली. हेस्टरबाईंनी मात्र लगेच हाळीचा सराव सुरू केला. टोपी सावरत एवढी मोठी मास्तरीणबाई भंगार मागत फिरते, हे आईने बघायला हवं होतं. दुपारी त्या त्याला घेऊन गेल्या. मी घरी आलो, खुर्चीत बसलो, आणि तेव्हा मला कळलं की तुझी आई खरंच गेली. फार रडलो. सलामा भिंतीवरून डोकावून गेली.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. उजव्या कानामागे खाजवलं की डोमिनी काहीही ऐकतो, हे जगात तिघांनाच माहीत होतं. त्यातली एक कबरीत आहे आणि दुसरा मी. गाडीवरच्या त्या माणसाचा हात तिथे गेला तेव्हाच मला कळलं, गाडी बोलावणारा फोन कोणी केला ते. तू मला फोन करत नाहीस ते याचमुळे, हेही मी जाणून होतो, आणि तरी गप्प राहिलो, कारण रागवायचंसुद्धा अंगात बळ नव्हतं. काल चार्मेनने फाइल बंद करताना मला तक्रारीचा कागद दाखवला. नाव नव्हतं. खाली एवढंच लिहिलं होतं: बाई रडत होत्या, म्हणाल्या, घोडा न्या, पण माझ्या वडिलांवर ओरडू नका. कोणी ओरडलं नाही, पोरी. तू केलंस ते बरोबर केलंस, ते मी करायला हवं होतं. ईदला ये. या वेळी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

तुझाच बाप,
बोया