टेबलाला वळसा

थ्वेटबी, यॉर्कशायर
४ ऑक्टोबर १९१६

तीर्थरूप केझायाताईस,

धाकट्या हिरमचा नमस्कार. खोकला कसा आहे? हवा ओली आहे, छाती उघडी टाकू नकोस. आम्ही ठीक आहोत. म्हणजे लव्हिनिया ठीक आहे. माझं पुढे वाचशीलच.

सैन्यभरतीतून कुणाला सूट द्यायची हे ठरवणाऱ्या गावच्या मंडळावर मी आहे, हे तुला ठाऊक आहेच. दर मंगळवारी शाळेत बसतो. सगळ्या दुकानदारांना मी एकच प्रश्न विचारतो, हे काम तुमची बायको करू शकणार नाही का? (मोच्यालाही विचारला. त्याची बायको आता तळवे ठोकते आणि मला रस्त्यात ओळख देत नाही.)

काल माझ्याच बेकरीतला सेथ समोर आला. तीन मुलांचा बाप. आपल्याच माणसाची सुनावणी असली की खुर्ची सोडायची, या नियमाप्रमाणे मी उठलो, टेबलाला वळसा घातला, टोपी काढली आणि माझ्याच सोबत्यांना विनवलं, सेथ गेला तर गावाला पाव मिळणार नाही. अध्यक्ष ओग्डन (चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसतो) चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे काम तुमची बायको करू शकणार नाही का, मिस्टर सग्डन?" लोक हसले. मी म्हणालो, ती नाजूक आहे.

मागच्या बाकावरून लव्हिनिया उठली. ताई, सोळा वर्षं संसार केला, पण ही बाई मी पाहिली नव्हती.

"सेथचं काम मला जमणार नाही," ती म्हणाली. "मैद्याचं पोतं मला हलवतही नाही. यांचं काम मात्र मार्चपासून मीच करतेय. हे इथे बसतात ना!"

ओग्डनची पेन्सिल पडली. ती कुणी उचलली नाही. सेथला सहा महिन्यांची सूट मिळाली. सैन्यातर्फे बसणारे कॅप्टन वहीचं कोरं पान काढून म्हणाले, "आणि तुमचं वय काय, मिस्टर सग्डन?"

चाळीस, मी म्हणालो. मग पुन्हा वळसा घालून खुर्चीत बसलो. पुढे न्हावी होता. मला एकही प्रश्न सुचला नाही. अजूनही मी तिच्याकडे चोरून बघतो आहे. ती पीठ मळते आहे.

तुझा,
हिरम

ता. क. कॅप्टनना जन्मतारखेचा पुरावा हवा आहे. आपल्या तारखा लिहिलेलं घरचं बायबल तुझ्याकडे आहे. एकेचाळीस पूर्ण झालेल्याला नेत नाहीत, आणि माझी नऊ नोव्हेंबरला होतात. बाबांचं अक्षर वाईट होतं. एखादा आकडा वेगळा वाटला तर तसा कळव.

पुन्हा ता. क. लव्हिनियाने हे वाचलं. म्हणते, आकडा आहे तोच कळवायला सांगा. मग लिफाफा आणून देताना म्हणाली, "घाई नाही म्हणावं ताईंना. दहा नोव्हेंबरला टपालात टाकलं तरी चालेल."