इक्बालभाईंच्या बदल्यात

अदलिया, बहरीन
शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९६

प्रिय उज्ज्वल,

सप्रेम जय भीम.

मी परवा नागपूरहून परतले, कालपासून ड्युटीवर आहे. आई तिकडेच राहिली. इथली हवा आता बरी आहे.

बाबा गेल्यावर, त्यांना नागपूरला नेण्याआधी इथे घरी वंदना झाली, तेव्हा तू मागे बसला होतास. निघताना दाराशी म्हणालास, "इंजिनिअरबाई, तूच सांग. काकांनी मला देऊन टाकलं, ते बरोबर होतं का?" लोक होते. मी म्हटलं, लिहून कळवते.

आपल्या वर्कशॉपच्या क्रिकेट संघापुरतं बोलायचं तर तुला रिफाच्या संघाला देण्याचा निर्णय चूक होता. मॅटवर तुझा डावखुरा चेंडू वळायचा तसा लीगमध्ये कुणाचाच वळत नव्हता. बदल्यात आलेले इक्बालभाई चाळिशीचे. फलंदाज चांगले, पण एक धाव काढली की दुसरीला हात वर करतात. आपल्या संघातला शैलेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, बोलर देऊन गुडघा घेतलात की!" बाबाही हसले. त्या मोसमात आपला संघ शेवटचा आला.

वर्कशॉप बंद होणार हे तेव्हा फक्त बाबांना आणि मला माहीत होतं. तुझा व्हिसा गेला असता. रिफाच्या कंपनीत इलेक्ट्रिशियनची जागा होती आणि तिथल्या मॅनेजरला संघासाठी बोलर हवा होता. इक्बालभाईंचं स्वतःचं गॅरेज, त्यांना कुठूनही खेळलं तरी चालत होतं. मी बाबांना म्हटलं, उज्ज्वलला खरं सांगा.

"सांगितलं त जाईन का तो? म्हणन, काका, मीबी तुमच्यासंग नागपूरले येतो. देऊ दे मले शिव्या. नोकरी त राहीन."

तू शिव्या दिल्या नाहीस. घरी येणं बंद केलंस.

नोकरीपुरता निर्णय बरोबर होता. बाकीचे सगळे परत गेले, तू आहेस. पत्र इथे संपवता आलं असतं.

वर्कशॉप मिटवायला बाबांना वर्षभर ठेवलं होतं. त्या वर्षात ते शुक्रवारी तुझा सामना बघायला रिफाला यायचे. मैदानापलीकडे रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी असायची, तू पाहिली असशील. तू सीमारेषेवर. ओव्हर संपली की तू कॅप्टनकडे बघायचास आणि चेंडू मॅनेजरच्या मेहुण्याकडे जायचा. बाबा गाडीची काच खाली करू द्यायचे नाहीत. तू ओळखशील म्हणून.

शेवटच्या खेपेला म्हणाले, "पोराच्या हातात बॉलच देत नाहीत. चुकलो काय वं मी?"

माहिती अपुरी असताना मी उत्तर देत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती अजूनही अपुरी आहे. उरलेली तुझ्याकडे आहे. एकटा असलास तरी चेंडू टाकतोस का? की हात थांबला?

बाबांना वर्षभरापासून नीट दिसत नव्हतं. सीमारेषेवर कोण आहे, चेंडू कुणाकडे गेला, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागायचं. गाडी मी चालवायचे.

आजही गाडी तिथे होती. सांगायला शेजारी कुणी नव्हतं, तरी मी सामना संपेपर्यंत थांबले. तू आजही सीमारेषेवरच होतास.

तब्येतीला जप. पुढच्या शुक्रवारी काच खाली असेल.

श्रावस्ती