माझे नसलेले खेळ कोणाला द्यावेत

मी, याव ओफोसुहेने, वय शेहेचाळीस, व्यवसाय भूगोल शिकवणे, राहणार आसोक्वा, कुमासी, शुद्धीवर असताना आणि कोणी मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. येत्या गुरुवारी माझी हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. "याने सहसा कोणी मरत नाही," असे डॉक्टर म्हणाले. त्यांतला 'सहसा' हा शब्द घेऊन मी घरी आलो आणि वकीलबाई लाम्प्टे यांना फोन केला. माझ्या शुद्धीबाबत पत्नी ग्लॅडिस हिचे मत वेगळे आहे. ते तिने स्वतंत्र कागदावर नोंदवावे.

कलम १. एजिसू रस्त्यावरचे घर ग्लॅडिसला. 'घर' लिहिताना हात अडखळतो. भिंती आहेत, छत नाही, आणि खांबांतून वर आलेल्या सळ्यांना दोरी बांधून शेजारीण कपडे वाळत घालते. तिची ती सोय कोणी मोडू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक ग्लॅडिस आणि मुलगी सेरवा यांना निम्मी निम्मी. त्यावरून दोघींत भांडण व्हावे इतकी ती नाही.

कलम ३. माझ्या रोजनिश्या कोणी मागणार नाही असे धरून चालतो. त्यांत हवामान आहे, आणि कोणाला काय उत्तर द्यायला हवे होते ते आहे.

कलम ४. चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख श्री. बाफूर यांनी भर मंडळीत "आमचे मास्तर अजून खेळण्यांत रमतात" असे म्हटले होते. त्यांना माझा हेडफोन. डाव्या कानाला आवाज येत नाही, पण एकच बाजू ऐकण्याची त्यांना सवय आहे.

कलम ५. आता ती खेळणी.

संगणकावरचे हे खेळ मी पंधरा वर्षांत इंटरनेटवरच्या दोन दुकानांतून विकत घेतले. निम्म्याहून अधिक उघडलेलेही नाहीत. सवलत लागली की माझा विवेक डुलकी घेतो. या कलमासाठी दोन्ही दुकानांच्या अटी प्रथमच पूर्ण वाचल्या. आजवर मी न वाचताच 'मान्य'वर टिचकी मारत आलो, तीही दिवसभर मुलांना "प्रश्न नीट वाचा" असे सांगून घरी आल्यावर. अटींनुसार मी काहीही विकत घेतलेले नाही. मला खेळण्याची परवानगी मिळाली आहे, ती माझ्यापुरती आहे आणि माझ्याबरोबर संपते. खातेदार मरण पावल्यास खाते मुलीच्या नावे करता येईल का, असे मी एका दुकानाला लिहून विचारले. उत्तर आले: 'यासाठी खातेदाराने स्वतः संपर्क साधावा.'

तरीही मी वाटणी करायला बसलो. आमच्यात पुरुषाची मिळकत भाच्याकडे जात आली. आता कायदा मुलांचेही पाहतो. मी दोघांचे पाहायला गेलो. पहिले दुकान सेरवाला, दुसरे माझ्या बहिणीच्या मुलाला, ओपुनीला. आपण फार न्यायी आहोत असे मला दुपारपर्यंत वाटत होते. मग आठवले, की दोन्ही दुकानांतली खाती मीच एकमेकांना जोडून ठेवली आहेत. एकीकडे घेतलेला खेळ त्यामुळे दुसरीकडेही उघडतो. जोड तोडली की ते बंद.

सेरवा नगररचना शिकते. शाळेत असल्यापासून ती एका खेळात गाव वसवत आली आहे. गावाची जमीन पहिल्या दुकानातली, पूल आणि रस्ते दुसऱ्या दुकानातून घेतलेले. जोड तोडली तर पूल जातील आणि नदीपलीकडची माणसे पलीकडेच राहतील. ओपुनीचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. थांबलेली गिऱ्हाइके तिथे माझ्या खात्यावर पहिल्या दुकानातून घेतलेला फुटबॉल खेळतात, म्हणून समोरच्या दुकानात जात नाहीत; जोड तोडली तर तोही जाईल. हे नियमात बसते का, असे मी त्याला विचारले. "याव मामा," तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची देणं नियमात बसतं का?"

मी वाटणीचा बेत सांगितल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी माझे थोरले मामा, आमच्या कुळाचे प्रमुख, चौकशीला आले.

"ही मिळकत आहे कुठे?"

"दिसत नाही, मामा."

"विकता येते?"

"नाही."

"भाड्याने?"

"नाही."

"तू गेल्यावर मुलांना?"

"नाही."

"म्हणजे आपलं कुळाचं घर झालं की रे! राहा, झोप, पण विकू नकोस आणि कुणाच्या नावावर करू नकोस. या दुकानवाल्यांच्या कुळाचा प्रमुख कोण? रिवाजाप्रमाणे मानाची बाटली घेऊन जाऊ, बोलू."

"तो भेटत नाही, मामा."

"मग कसलं कूळ? आणि हे बघ, भाचा असताना पोरीचं नाव घालू नकोस."

यावर मी बरेच दिवस विचार केला आणि नेहमीप्रमाणे कोणालाच न दुखावणारा, म्हणजे कोणालाच न आवडणारा मार्ग काढला. माझा जो काही हक्क असेल, आणि नसेल तर त्याची उणीव, सेरवा आणि ओपुनी या दोघांना मिळून, न विभागता देत आहे. पासवर्ड येथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र कोर्टात मोठ्याने वाचतात. शिवाय तो दोघांनाही माहीत आहे. मी सांगितलेला नाही. माझ्या मनात काय असते ते घरात सर्वांना कळते.

पुढील मजकूर सह्यांपूर्वी, सर्वांसमोर हाताने जोडला आहे.

पहिले साक्षीदार थोरले मामा हजर आहेत. दुसरे, शेजारचे श्री. आडू, आज शनिवार, म्हणजे आमच्याकडचा अंत्यविधींचा वार, असल्याने दोन अंत्यविधींना गेले आहेत. ओपुनी पुढे झाला, तेव्हा वकीलबाईंनी त्याला अडवले.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस की पाचव्या कलमातला तुझा वाटा गेला."

"मग सगळं सेरवाचं?"

"हो."

"द्या पेन."

"अरे गाढवा, भाचा आहेस तू!" थोरले मामा ओरडले.

"आजोबा, तिचं गाव आहे त्यात. दोघांच्या नावावर राहिलं तर एक दिवस भांडू आणि मोडून बसू. चेंडू काय, मला कुठेही मिळेल."

सेरवा दाराशी हाताची घडी घालून उभी होती. "कुठे मिळेल?" ती म्हणाली. "समोरच्या दुकानात?"

"तू फक्त पासवर्ड बदलू नकोस."

"शनिवारी खातं मला लागतं हं."

"शनिवारी कोण येतंय मोबाईल घेऊन? सगळं गाव अंत्यविधीला."

सबब पाचवे कलम एकट्या सेरवाच्या नावे वाचावे. पासवर्डविषयी झालेले बोलणे या मृत्युपत्राचा भाग नाही.

(सही) याव ओफोसुहेने

साक्षीदार:
१. (सही) क्यिरेमे, कुळाचे प्रमुख, नाराजीने
२. (सही) फ्रेड ओपुनी, भाचा

स्थळ: आसोक्वा, कुमासी
दिनांक: १४ मार्च २०२६