राजाचा दात आणि जाऊबाईंचा

वालचंदनगर, ऑगस्ट १९९९

ती. सौ. तानूबाई यांस धाकट्या जावेचा, विजयमालेचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, म्हैस आणि थोरले भावजी या तिघांचीही कुरकुर कमी असेल अशी आशा करते.

तुमच्या ज्ञानेशसाठी पुण्याची मुलगी बघून आले. मुलगी छान आहे. पण तुम्ही "काळा दात घिऊन मी न्हाय यायची, पोराची शोभा व्हईल" म्हणून गावी कन्हेरीतच बसलात, आणि तुमचा लेक म्हणतो, आई आल्याशिवाय सुपारी फुटणार नाही.

तिथे मुलीच्या वडिलांनी विचारलं, काम काय करता? ज्ञानेश म्हणाला, ब्लूटूथ. (यंत्रांनी तारेशिवाय एकमेकांशी बोलायचं नवं तंत्र.) "निळा दात? हे काय नाव झालं?" म्हणून ते हसले. मग ज्ञानेशने सांगितलं, हजार वर्षांपूर्वी डेन्मार्कात हॅराल्ड राजा होता. त्याचा एक दात म्हणे निळाकाळा पडलेला. त्याने भांडकुदळ टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून इंजिनिअरांनी त्याचं नाव तात्पुरतं घेतलं. चांगलं नाव वेळेत ठरेना, तेच चिकटलं. (आपल्याकडे नाही का, दृष्ट लागू नये म्हणून पोराला दगडू म्हणायचं आणि पुढे तो दगडू म्हणूनच सरपंच व्हायचा!)

आता मी गप्प बसायला हवं होतं. ते मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनाही शिकवता आलं नाही. मी म्हणाले, "राजाचं काय घेऊन बसलात? आमच्या थोरल्या जाऊबाईंचा पुढचा दात मिश्रीने काळा आहे, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांवर कुऱ्हाडी काढलेल्या माझ्या नवऱ्याला आणि थोरल्या दिराला त्यांनी एका ताटात जेवायला बसवलंय!" पोह्यांचे चमचे थांबले. ज्ञानेश छताकडे बघू लागला. होणाऱ्या विहीणबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला वाटलं, मोडलं लग्न.

जाऊबाई, मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझ्या पहिल्या भाकरीला कुणी हात लावेना. "ही भाकरी न्हाय गं, आख्ख्या तालुक्याचा नकाशा हाय," म्हणत तुम्हीच ती उचलून खाल्लीत आणि हसलात. त्या घरात माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला तो हाच दात. तेव्हा या. त्याला घेऊनच या.

तुमची लाडकी (हे मीच ठरवलंय),
विजयमाला

ता. क. बारामतीला जाऊन दात उपटायचा तुमचा बेत भावजींनी फोडलाय. खबरदार!

आणखी ता. क. विहीणबाई रागावून आत गेल्या नव्हत्या. मागाहून मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं, डाळीच्या डब्यामागून डबी काढली आणि मागचे दात दाखवले. नवऱ्याला अजून पत्ता नाही. पुण्याची मिश्री मेली मिळमिळीत लागते म्हणे. येताना तुमच्या तव्यावर भाजलेली आणा, भरपूर आणा. मी शब्द देऊन बसलेय.