मासळीच्या बर्फावरच्या स्की

डोंबिवली, एमआयडीसी
शुक्रवार, ३१ डिसेंबर १९९९

प्रिय पंढरी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. त्यात अगदी शेवटी तू जे विचारलं आहेस, लग्न करू या, आता तू कायमची इकडे मनालीलाच ये म्हणून, त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण तेही शेवटीच आहे, आणि पानं उलटून आधी तेच वाचशील तर तुला माझी शपथ. आधी स्कीचं बोलू. तूही आधी स्कीचंच बोललास, चांगली चार पानं. माझ्या वाट्याला आली ती ओळ "दुपारी बर्फ ओला झाला की तळ चिकटतो" आणि "बाकी क्षेम" यांच्या मधली. पहिल्यांदा वाचताना तर मी ती ओलांडून पुढे गेले होते. मग मागे आले, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आज शुक्रवार, म्हणजे एमआयडीसीला सुट्टी. बाबांना चहा दिला आणि आमच्या फायबरच्या शेडमध्ये येऊन बसले. खरं तर बसलेही नाही. दोन ओळी लिहिते, उठते, स्कूटरच्या डिक्क्यांचे साचे पुसते, जे कालच पुसलेत. बाहेर सगळीकडे शतक बदलायची धांदल आहे. शेजारच्या कारखान्यातला तो कॉम्प्युटरवाला सांगतोय की आज रात्री सगळी यंत्रं बंद पडणार. माझ्या शेडमध्ये बंद पडण्यासारखं एकच यंत्र आहे, तो पंखा, आणि तो गणपतीपासून बंदच आहे.

तुला आठवतं, जूनमध्ये तू त्या स्की खांद्यावर टाकून या दारात उभा राहिलास? सोलंगला कोणा फ्रेंच प्रवाशाने मोडल्या म्हणून टाकून दिलेल्या. एक मधोमध मोडलेली, दुसरी धड. तू ठाण्याचं घर सोडून तिकडे स्की शिकवायला गेलास, त्याला आता इतकी वर्षं झाली, आणि दर पावसाळ्यात चार दिवस येताना तू सफरचंदं आणतोस. या वेळी मोडकं लाकूड घेऊन आलास. मला राग यायला हवा होता, पण मी ती धड स्की हातात घेतली आणि जेवण विसरले. तुझ्या फोटोंतल्या स्की नुसत्या पुढेच वळलेल्या असायच्या. ही मागेही तशीच वळलेली. शेडमधल्या आमच्या भिवाने ती उलटीसुलटी करून विचारलं, "ताय, याचा पुढचा तोंड कंचा न मागचा कंचा?" तू म्हणालास, दोन्ही पुढचीच. माणूस उलटा घसरत आला तरी मागचं टोक बर्फात रुतत नाही. भिवा खो खो हसला. "मंग ही आमची होरीच झाली." त्याचा सगळा जन्म खाडीत होड्यांना ठिगळं लावण्यात गेला, त्याला दुसरं काय दिसणार? पण त्याच क्षणी मला कळलं की हे आम्हाला जमेल. आत लाकूड, वरखाली फायबरच्या कापडाचे थर, वर रेझिन. आम्ही रोज तेच करतो.

पहिली जोडी तयार झाली तेव्हा तपासायची कुठे, हा प्रश्न होता. मी बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला, नाहीतर मासळीवरचा. मग मासळीवरचाच घेतला. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, आता ऐक आणि हसून घे. खाडीवर होड्या ओढून वर घेतात त्या उतारावर आम्ही बर्फाच्या कारखान्यातून आणलेला चुरा पसरला. माझ्या पायात बाबांचे गमबूट, ते नायलॉनच्या दोरीने स्कीला आवळलेले. भिवाची वहिनी मनुबाई कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "माझा म्हावरा नासंल न तू बर्फावं नाचतंस!" आणि पंढरी, त्या स्की सुरेख चालल्या. उतार संपला तरी चालल्या, चिखलातही चालल्या, आणि मी चिखलात तोंडावर. उठून भिवाला मी सांगितलं, पास, आणि जोडी तुला पाठवून दिली. तुझ्याकडे तिथली कुत्री स्कीच्या मागे मागे का येतात, असं तू विचारलं होतंस. आता कळलं?

आता तुझ्या पत्राकडे येते. सकाळच्या गोठलेल्या कडक बर्फावर स्की थरथरतात आणि वळताना मागचं टोक सुटतं, असं तू लिहितोस. ते होणारच. दोन्ही टोकं वर वळलेली म्हणजे जमिनीला टेकणारी लांबी कमी, मग कडा धरणार तरी किती? वाऱ्याने वर पापुद्रा धरलेल्या बर्फात बऱ्या चालल्या, टोक अडकलं नाही, हे वाचून मी भिवाला पेढा दिला. उलट्या घसरतात त्या तर झकास, म्हणतोस. पण गुडघाभर ताज्या भुसभुशीत बर्फात स्कीचं नाक खाली जातं, हे वाचून माझी भूकच गेली. चूक माझीच. कारखान्यातला चुरा खडीसारखा कडक, त्यावर ताठ स्की धावणारच. मी होडीच्या बुडासारखी ताठ बनवली. भुसभुशीत बर्फ कसा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं, आणि अजूनही नाही. मनात आलं, एक ना धड भाराभर चिंध्या. पण मग तू लिहिलंस की नुसत्या एका बर्फाची स्की घेऊन डोंगर उतरता येत नाही, कारण वरून खाली येईपर्यंत बर्फच बदलतो, आणि सगळीकडे बरी चालणारी स्की लागते ती त्यासाठी. तेवढं वाक्य मला फार आवडलं. बाकी ठिकाणी मात्र तू तीनदा "मजा आली" लिहिलंस. अरे, मजा आली ही काय माहिती झाली? नाक किती खाली गेलं? बोटभर की वीतभर? गुडघे पुढे झुकवले होतेस की ताठ होतास? इतकी वर्षं शिकवतोस ना तू?

तर मी दुसरी जोडी बनवली. पुढचे थर कमी केले, पाय बांधायची खूण दोन बोटं मागे घेतली, तळाला मधोमध एक बारीक खाच दिली. या वेळी जरा शहाणपण सुचलं आणि नमुन्याची एक पट्टी बर्फाच्या कारखान्याच्या थंड खोलीत ठेवली. बाहेर काढून वाकवली तर पापडासारखी तडकली. म्हणजे पहिली जोडी तुझ्या पायाखाली तिथल्या थंडीत कधीही तडकू शकते. ते कळल्यावर मी लगेच पोस्टात धावत जाऊन तुला तार केली, "जुन्या वापरू नकोस". ती मिळाली असेलच. तू म्हणाला असशील, हिला काय झालं! काही झालं नाही. पट्टी तडकली होती, एवढंच. रेझिन बदललं, लवचीक घेतलं, आता पट्टी वाकते आणि सरळ होते. नवी जोडी समोर भिंतीला टेकून उभी आहे. ती पार्सलने पाठवणार नाहीये. का, ते पुढे येतं.

बाबांना तुझं पत्र दाखवलं नाही. पण बापापासून काय लपतं? परवा मटार सोलता सोलता ते एकदम म्हणाले, "नीला, शेडला गिऱ्हाईक आलंय. चांगला माणूस आहे. विकून टाकू, मग तू मोकळी." रेझिनच्या वासाने त्यांची छाती धरते, डॉक्टरांनी शेडचं तोंड बघायलाही मनाई केलीय. आई गेल्यावर या शेडवरच त्यांनी मला वाढवलं, आणि आता ते तिलाच माझ्या पायातली बेडी समजून काढायला निघाले. मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं आनंदाने.

कारण सगळ्यांनी धरलंय की मी बाबांसाठी अडकलेय. तूसुद्धा. तुझ्या पत्रात तसंच आहे, बाबांची सोय लावू आणि ये. पंढरी, मी बाबांसाठी अडकलेली नाही. मला हे काम आवडतं. साच्यातून वस्तू सुटताना जो टक्क आवाज होतो, तो ऐकला की माझा दिवस चांगला जातो. पावसाळ्यात सगळ्या होड्या वर येतात, भिवा आणि मी खाडीवरच मुक्काम ठोकतो, आणि नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात जातात तेव्हा मी दरवर्षी भिवाच्या मागे उभी राहून डोळे पुसते. हे सोडून मी तुझ्याकडे कायमची येऊ आणि करू काय? तुझ्या पाहुण्यांना चहा? तू विचारलंसच नाही मी तिथे काय करीन ते. याचा मला राग आला, आणि अजून आहे. आणि तरीही तू मला आवडतोस. तो गोंधळ तसाच आहे, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकतीस वर्षांची बाई आठवडाभर तळ्यात मळ्यात खेळतेय, बघ.

तर उत्तर. कायमची येणार नाही. पण संक्रांत झाली की ही नवी जोडी घेऊन मी स्वतः येते, आणि पाडव्यापर्यंत राहते. त्या दिवसांत इथे नुसत्या डिक्क्या असतात, त्या भिवा बघेल. मला चारही तऱ्हांचा बर्फ पायाखाली घ्यायचाय, तुझ्या पत्रातून नव्हे. पाडव्याला मी परत. मग जूनमध्ये तू ये, तसाही पावसाळ्यात तू तिथे रिकामा बसून सफरचंदाच्या पेट्या ठोकतोस. नारळी पौर्णिमेपर्यंत राहा, होड्यांना हात लाव. उरलेले महिने पत्रं. लग्न करायचं तर असं, दरवर्षी असं. लोक म्हणतील नवऱ्याने टाकली. म्हणू देत, वर्षातून दोनदा टाकली म्हणतील आणि दोनदा परत घेतली म्हणतील.

हे पत्र आजच लिहायचं कारण असं की आज सकाळी मी बाबांना सांगून टाकलं, शेड विकायची नाही. तुझं उत्तर काहीही आलं तरी नाही. ते एवढंच म्हणाले, "आणि तो पोरगा?" मी म्हटलं, त्याला आज लिहिते. म्हणजे आता ते रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसणार. तेव्हा एक कर. तुला हे असलं अर्धंमुर्धं लग्न नको असेल, तर नकार स्कीच्या गोष्टींत गुंडाळून पाकिटात घालू नकोस. साधं पोस्टकार्ड टाक. पोस्टकार्ड आमच्याकडे बाबाच आधी वाचतात, म्हणजे मला त्यांना तोंडाने सांगावं लागणार नाही. आणि हो असेल तर काही लिहूच नकोस. बूट तेवढे बघून ठेव, माझा नंबर पाच.

उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
नीला