बक्कल नंबर ९१७

नाशिक,
४ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

वर्दी ढगळ होते म्हणून रडतेस काय, आतून स्वेटर घाल, असं तू मला भरतीच्या वर्षी म्हणाली होतीस. परवा सहायक आयुक्ताची नवी वर्दी शिवून आली. खांद्यावरची लाल-निळी फीत गेली, तारे तेवढेच तीन राहिले. बाहेरच्या माणसाला हा फरक कळायचा नाही, तुला कळेल. आरशासमोर उभी राहिले तर तीही खांद्यात ढगळ वाटली. शिंपी म्हणतो माप बरोबर आहे, बाईसाहेबांनाच सवय नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी तू तुझ्या नातवाला, आयुषला, सांगितलंस की माझी बदली गडचिरोलीला झाली. त्याचा घाबराघुबरा फोन मला आला. म्हणून आपलं पत्रच बरं.

काम असं आहे. जानेवारीत पोलीस स्थापना दिनाच्या आठवड्यात शाळांची मुलं कार्यालय बघायला येतात. यंदा आयुक्त साहेबांनी ठरवलंय की सभागृहाबाहेरच्या भिंतीवर आम्हा वरिष्ठ अधिकाऱ्यांचे फलक लावायचे. वर फोटो, खाली कारकीर्द. उपायुक्त रविराज साहेब इंजिनिअर आहेत, नंतर स्पर्धा परीक्षा दिली. दुसऱ्या उपायुक्त स्नेहल मॅडम दातांच्या डॉक्टर होत्या. सगळ्यांच्या दहा-दहा ओळी झाल्यात, वाचताना मान वर होते.

माझ्याही झाल्या. आमच्या यादव लिपिकांनी इतरांच्या साच्यात घालून मजकूर केला, तो सुरू होतो उपनिरीक्षकापासून. त्याआधीची सात वर्षं, शिपाई म्हणून काढलेली, त्यात नाहीत. यादवांचा काही दोष नाही. अधिकाऱ्याची कारकीर्द अधिकारी झाल्यापासून लिहायची, असाच रिवाज आहे. मजकूर छान दिसतो. मी सही करायला पेन उचललं आणि परत ठेवलं.

मला ती वर्षं लिहायची आहेत, आणि मला भरतीच्या मैदानावर कोणी नेलं तेही. तुझं नाव घालू का? तुझ्या होकाराशिवाय घालणार नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना? तुझ्या रागावर माझा जेवढा जीव आहे, तेवढाच तुझा माझ्यावर राहू दे.

तुझी,
रोहिणी


देवळाली कॅम्प,
९ डिसेंबर २०२५

चि. रोहिणीस,
अनेक आशीर्वाद. तू कितीही मोठी साहेब झालीस तरी मी चि.च लिहिणार, तक्रार असेल तर वरच्या कार्यालयात कर.

तुझं पत्र शेजारच्या विमलाबाईला वाचून दाखवलं. दातांच्या डॉक्टरबाई पोलिसात आल्या हे ऐकून ती विचारते, आरोपी तोंड उघडत नसला की त्यांना बोलावतात का. मी सांगितलं, विचारून कळवते.

आता तुझ्या कामाचं. नाव घालू नको. माझंही नाही आणि त्या सात वर्षांचंही नाही. यादवांनी लिहिलंय तेच बरोबर आहे.

कारण सांगते. मी निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही चौघं होतो. तिघं अधिकारी. सूत्रसंचालन करणाऱ्याने त्या तिघांची कारकीर्द वाचली, कुठली पदकं, कुठले गुन्हे उघडले, चहा गार झाला तरी चालूच. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, श्रीमती लताबाई यांनी छत्तीस वर्षं सेवा केली. झालं. शाल आणि नारळ. तो पोरगा वाईट नव्हता गं. त्याला दिलेल्या कागदावर तेवढंच होतं. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाची कारकीर्द लोक एका ओळीत संपवतात.

तुझ्या दहा ओळी झाल्यात. त्यांच्या डोक्यावर माझ्यासारखी ती एक ओळ ठेवू नको. तुझ्या हाताखाली थेट परीक्षा देऊन आलेले लय जण आहेत. उद्या तू कोणाला रागावलीस की तो बाहेर जाऊन म्हणणार, खालून आलेली आहे, म्हणून असं करते. मी ऐकलंय हे, दुसऱ्यांबद्दल. तुझ्याबद्दल मला ऐकायचं नाय.

तेल लावते. तुझ्या सार्थकला म्हणावं, आईचं डोकं तपासून घे. लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी मावशी,
लता


नाशिक,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र टेबलावर ठेवून दोन दिवस कामं केली. तू निवृत्तीच्या दिवसाबद्दल इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हतीस. मी त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि मला काहीच कळलं नव्हतं.

तुला वाटतं ते खोटं नाही. परवाच्या बैठकीत येत्या कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताचा आराखडा चालला होता. मी म्हटलं की रामकुंडाकडच्या उतारावर बायका एकमेकींच्या पदराला धरून चालतात, एक घसरली की साखळी घसरते, तिथे दोर मधोमध नको. एका तरुण निरीक्षकाने विचारलं की मॅडमनी हा अभ्यास कुठे वाचला. मी म्हटलं, वाचला नाही, दोन हजार तीन साली मी तिथे काठी घेऊन उभी होते. त्याने मान डोलावली. पण बाहेर पडताना शेजारच्याला काहीतरी बोलला आणि दोघं हसले. तेव्हा मला तू आठवलीस, आणि मान खाली गेली हेही खरं आहे.

पण मावशी, खाली गेलेली मान घेऊन मी किती वर्षं त्या भिंतीसमोरून जाऊ? उपनिरीक्षकापासूनची जी बाई तिथे लिहिली आहे ती मला ओळखू येत नाही. म्हणून मी ठरवलं. यादवांकडून मजकूर परत मागवला आणि पहिली ओळ घातली: १९९८, महिला पोलीस शिपाई, बक्कल नंबर ९१७. तेव्हा नावाने कोण हाक मारायचं, नऊशे सतरा इकडे या, नऊशे सतरा तिकडे उभ्या राहा. उपनिरीक्षक झाले तेव्हा तो पितळी नंबर रुमालाने पुसून जमा केला होता.

आयुक्त साहेबांनी वाचून सही केली. फलक सोमवारी लागतील.

तुझं नाव घातलेलं नाही. ते तुझं आहे. पण शेवटी दोन ओळींची जागा कोरी ठेवायला सांगितली आहे.

रागव, पण अबोला धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
रोहिणी


नाशिक,
२६ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं उत्तर नाही. आयुषला विचारलं तर तो म्हणाला आजी ठीक आहे, पण माझं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवते. तरी हे वाच, कारण जे झालं ते आधी तुलाच सांगायचं आहे.

फलक लागले. पहिल्या दिवशी मी मुद्दाम मागच्या जिन्याने आले. दुपारी केबिनच्या दारात एक मुलगी उभी, नवी भरती, हर्षाली नाव. आत ये म्हटलं तर येईना. रडली होती. मला वाटलं कोणीतरी त्रास दिला. तिने नुसतं आपल्या छातीवरच्या नंबराकडे बोट दाखवलं. नऊशे सतरा.

नंबर रिकामा झाला की पुढच्याला देतात, हे मला माहीत आहे, तुलाही आहे. पण माझा कोणाकडे असेल असा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता. मालेगावकडची आहे. म्हणाली की घरचे सारखे म्हणतात, शिपाईच राहशील, सोड आणि लग्न कर, आणि या महिन्यात ती खरंच राजीनामा लिहिणार होती. मी तिला काही उपदेश केला नाही. चहा मागवला, आणि तो मी ओतला. खातेअंतर्गत परीक्षेला कुठली पुस्तकं लागतात ते ती विचारत बसली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या ठाण्यांत गेली. आता ड्यूटी संपली की शिपाई बायका फलकासमोर येऊन उभ्या राहतात, पोरींना कडेवर घेऊन फोटो काढतात. तो हसलेला निरीक्षक परवा आला. त्याने उताराचा नवा नकाशा दाखवला, दोर कडेला घेतलाय, आणि जागेवर येऊन तपासून द्याल का असं विचारलं. तो नजर वर करून बोलला.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे रविराज साहेबांनी स्वतःचा फलक काढायला लावला. परीक्षेआधी दोन वर्षं ते अंबडला कारखान्यात लेथवर पाळी करत होते, ते त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. आता तेच पहिल्या ओळीत आहे. स्नेहल मॅडम म्हणतात, त्यांना लपवायला काहीच नाही याचं वाईट वाटतंय.

मावशी, मान वर आहे. वर्दीही आता बसते.

तुझी,
रोहिणी


देवळाली कॅम्प,
३० डिसेंबर २०२५

चि. रोहिणीस,
अनेक आशीर्वाद.

टीव्ही बंद करून लिहिते आहे.

पत्र मी एकदा वाचलं आणि विमलाबाईने तीनदा, कारण तिला आता कॅम्पभर सांगायचं आहे. भाजीवाल्याने मला आज मोठ्या मॅडमची मावशी म्हटलं. मी त्याला सांगितलं की मी स्वतः पण कोणीतरी होते.

तसं मी म्हणाले खरं, आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून ती कोरी जागा भर. पण नुसतं मावशी लिहू नको. लताबाई, सहायक फौजदार, नाशिक शहर, असं हुद्द्यासकट लिही. आणि छत्तीस वर्षं असं एका शब्दात उरकू नको. महिला कोठडीतली अकरा बाळंतपणं वेळेत दवाखान्यात पोचवली, एकही वाटेत झालं नाही, ते लिही. ते कोणी कधी विचारलं नाही.

स्थापना दिनाच्या आठवड्यातल्या आठ तारखेच्या कार्यक्रमाला येईन. बसने येईन, गाडी पाठवलीस तर परत पाठवीन. त्या हर्षालीला मला बघायचं आहे. मागच्या रांगेत बसेन.

चुकले असं मी म्हणणार नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नको. लोभ होताच, आता उतू जातोय.

तुझी,
लता


नाशिक,
३ जानेवारी २०२६

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

जागा भरली. दोन ओळींत मावेना, म्हणून यादवांनी माझ्या पदकांच्या ओळी आखडून तुझ्या पाच केल्या. काल पहिली शाळा आली तेव्हा एका चौथीतल्या मुलीने बाळंतपणाची ओळ मोठ्याने वाचली आणि तिच्या बाईंना विचारलं की हे पण पोलीस करतात का.

मागची रांग मिळणार नाही. पहिल्या रांगेत तुझ्या नावाची चिठ्ठी लावली आहे, एका बाजूला स्नेहल मॅडम आणि दुसऱ्या बाजूला हर्षाली. दातांचा प्रश्न तूच विचार.

आता एक विनंती, आणि तिचं उत्तर मला माहीत आहे. त्या दिवशी मी आत आले की सभागृह उभं राहील. तू राहू नकोस. मी दारातून सरळ तुझ्यासमोर येणार आहे आणि सगळ्यांदेखत तुला सलाम करणार आहे. तू म्हणशील सलाम हुद्द्याला असतो, नात्याला नसतो, आणि मी उंबऱ्यात पोचायच्या आत गुडघा दुखत असला तरी टाचा जुळवून ताठ उभी असशील. तरी मागते. मावशी, तेवढा एक सलाम खुर्चीत बसून घे.

तुझी,
रोहिणी