दादाची पेटी, कमी खर्चात

३ मार्च, सकाळ
दादाचा फोन. चिप्सची पेटी घेऊन ये म्हणाला. आमच्या रविवारच्या पोकरच्या चिप्स, डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्या. तो लेकीकडे राहायला गेल्यापासून पेटी माझ्याच कपाटावर पडून आहे. मी लगेच हो म्हणालो. पाठवतो म्हणालो.
बायको म्हणाली, अहो, पेटी निमित्त आहे, तुम्हाला बोलावलंय. हिला प्रत्येक गोष्टीत खोल अर्थ दिसतो.
दादाच्या ऑपरेशनला मी गेलो नव्हतो. ऑडिट होतं. ते आयत्या वेळी पुढे ढकललं गेलं, तो भाग वेगळा. म्हणूनच ही पेटी अशी पोचली पाहिजे की एकाही चिपेवर ओरखडा नको. आणि खर्चही आटोक्यात. काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आयुष्य गेलं माझं. पॅकिंग मला कोणी शिकवायला नको.

३ मार्च, संध्याकाळ
पेटी उतरवली. लाकडी, आत चिप्ससाठी खाचा. काळ्या रांगेत एक जागा रिकामी. ती चिप दादाच्या खिशात.
आमचा नियम असा की डाव अर्धा टाकून जो उठेल त्याने एक चिप खिशात घालून न्यायची. म्हणजे तो परत येणार. चिप परत येईपर्यंत डाव संपला असं कोणी म्हणायचं नाही. नियम मीच काढलेला. त्या रविवारी दादाच्या पोटात कळ आली, चिप घेऊन तो उठला. तिथून हॉस्पिटल, मग ऑपरेशन, मग लेकीचं गाव. डाव तसाच आहे.

५ मार्च
वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्याने पेटी बघताच मान टाकली. मग बाथरूममधला काटा. आधी नुसता मी, मग पेटी घेऊन मी, वजाबाकी. पेटी जरा जडच निघाली. माझ्याबद्दल इथे लिहीत नाही. उद्यापासून लिफ्ट बंद, जिना.
पार्सलचा दर वजनावर. म्हणून निर्णय: लाकडी पेटी राहू दे, नुसत्या चिप्स पाठवायच्या. दादा चिप्सनी खेळणार, लाकडाने नाही.

६ मार्च
लिफ्टने आलो. हातात सामान होतं. (टेप.)
चिप्सच्या गड्ड्या करून रद्दीत गुंडाळल्या, टोकं चॉकलेटसारखी पिळली. एकेक गड्डी एकेका मोज्यात. मऊ, आणि फुकट. बायकोने विचारलं, माझे लोकरीचे मोजे कुठायत? दादासाठी एवढंही करायचं नाही का, असं म्हणणार होतो. तिचा चेहरा बघून मोजे रिकामे केले.

७ मार्च
कारखान्यात आम्ही खोका कमरेच्या उंचीवरून टाकून बघतो. घरचं पार्सल म्हणून सवलत नाही. उलट जास्त कडक. चिप्स भरलेला खोका जिन्यावरून सोडला.
खोका फुटला. चिप्स खालच्या मजल्यापर्यंत गेल्या. तिथले निवृत्त मास्तर दार उघडून बाहेर आले, आणि कंबर धरून हिरव्या चिप्स वेचू लागले. मी लाल वेचत होतो. म्हणाले, तुमच्या दादांच्या ना या? कसे आहेत ते? मी म्हणालो, छान आहेत. ते म्हणाले, भेटून आलात वाटतं. मी म्हणालो, हो.
कशाला बोललो कोण जाणे. नाही म्हणायला काय झालं होतं? मास्तरांनी हिरव्या चिप्स पुसून दिल्या, वर म्हणाले, भाऊ असावा तर असा.
जिना काही दिवस नको.

९ मार्च
पुतणीचा फोन. काका, बाबा रोज विचारतात, कधी येतोय म्हणून. मी म्हणालो, पेटी निघालीच समज. ती म्हणाली, पेटी? मग बरं म्हणाली.
फोन ठेवल्यावर चैन पडेना. नुसत्या चिप्स पाठवणं बरं दिसत नाही. पेटीसकटच पाठवायचं ठरवलं. जाऊ दे खर्च. मन एकदम हलकं झालं. जेवणापर्यंत टिकलं.

१० मार्च
नवा, मोठा खोका. पेटी मधोमध, चारी बाजूंनी पोकळी. दुकानात फुगेवाला प्लास्टिक कागद मिळतो, पण हवेला पैसे कोण देणार? मला सुचलं: पॉपकॉर्न. हलकं, स्वस्त, दणका सोसणारं. तेल-मीठ न घालता कुकरभर केलं. खोका गच्च भरला. हलवून बघितला, आवाज शून्य. बायकोलाही हलवून दाखवला. ती म्हणाली, आता तुमचं डोकं हलवून बघा, तिथे येतोय का.
उद्या पोस्टात. नक्की.

११ मार्च
मुंग्या.
सगळं उपसलं. एकेक चिप ओल्या फडक्याने पुसत बसलो. काळ्या चिप्सच्या कडा झिजल्यात. दादा पत्त्यांचा विचार करताना त्या बोटांत फिरवायचा. मला कधी जमलं नाही. शिकव म्हटलं की म्हणायचा, तू आधी हरायला शीक.
इथे माझ्याशिवाय वाचणारं कोणी नाही, म्हणून लिहितो. रजा मिळते. गाडीही मिळते. दादा काठी धरून चालतो असं पुतणी म्हणाली होती, ते मला बघायचं नाहीये. त्याने मला सायकल शिकवली, तेव्हा सीट धरून पूर्ण रस्ताभर मागे पळाला होता. तो काठी घेऊन दार उघडायला येणार, आणि मी काय बोलणार? ऑडिट होतं म्हणून?
वाईट माणूस नाही मी. पॅकिंग किती मन लावून करतोय.

१३ मार्च
अर्धी रजा टाकून पोस्टात. फुगेवाला कागद शेवटी विकत घेतलाच. टेप इतकी मारली की खोका दिसेना. काउंटरवरच्या बाईंनी वजन केलं आणि आकडा सांगितला. मी विचारलं, यापेक्षा स्वस्तात काही? त्या म्हणाल्या, एवढ्या पैशांत तुम्हीच मांडीवर घेऊन जाल आणि परतही याल. मागची रांग हसली. मी म्हणालो, रजा नाही हो. रजा टाकूनच उभा होतो.
पैसे भरले. पावती नीट ठेवली. उन्हाळा संपला की दादाकडे एक चक्कर मारायची. मारायचीच.

१८ मार्च
पोचली! पुतणी म्हणाली, उघडायला दुपार गेली. कात्री झाली, सुरी झाली, शेवटी शेजारच्यांची करवत आणली. एकही ओरखडा नाही. हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.
दादा काय म्हणतोय, विचारलं. ती म्हणाली, आधी टाके दुखेपर्यंत हसले. मग म्हणाले, पेटी आली, माणूस काही वजनात बसला नाही वाटतं.
गंमत करायची सवय त्याला. बायकोला सांगितलं, ती हसली नाही.

२४ मार्च
दादाकडून पाकीट. साधं, पातळ, साधंच तिकीट. आत टिश्यू पेपरची घडी, घडीत काळी चिप. टेप नाही, चिठ्ठी नाही. चिपेवर ओरखडाही नाही. क्वालिटीचा माणूस म्हणून सांगतो, पॅकिंग उत्तम.
म्हणजे डाव संपला? फोन लावला. दादा म्हणाला, संपला कुठे? पेटी माझ्याकडे, मी जागेवर बसलोय. चिप तुझ्या खिशात, म्हणजे उठून गेलेला तू. नियम तुझाच आहे, छोट्या. व्यायाम करवणारी बाई आली म्हणून त्याने फोन ठेवला.
चिप खिशात घालून दिवसभर हिंडलो. कारखान्यात कशात लक्ष लागलं नाही.

२५ मार्च, सकाळ
शांतपणे विचार केला. एक चिप साध्या पाकिटातून सुखरूप जाते, हे तर सिद्धच झालंय. खर्च जवळपास नाहीच. बायकोला विचारलं, पाकिटं कुठे आहेत? म्हणाली, फेकली. टेप? तीही फेकली. मग आतून माझी बॅग आणून दारात ठेवली. वरच तिचे लोकरीचे मोजे. म्हणाली, गाडीत गारठा असतो.

२५ मार्च, गाडीत
लिफ्ट नेमकी बंद होती. जिन्याने उतरलो. मास्तर दारातच उभे. बॅग बघून म्हणाले, कुठे स्वारी? मी म्हणालो, दादाला भेटायला.
मास्तर खूश झाले. म्हणाले, वा, परत?
मी खिशातली चिप धरून उभा राहिलो. मग म्हणालो, नाही मास्तर. पहिल्यांदाच.